दातुक, रातू आणि राजा: हे शब्द संस्कृतातून गेले का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचा भाचा क्वालालंपूरच्या एका कंपनीत लागला आहे आणि तिथल्या मोठ्या साहेबांच्या नावाआधी 'दातुक' लिहिलेलं असतं. बालीच्या सहलीत तुम्हाला गाइडने सांगितलं होतं की 'रातू' म्हणजे राणी. मग घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला: 'दातुक' म्हणजे आपला संस्कृत 'दाता', 'रातू' म्हणजे 'राजा'चा अपभ्रंश, तिकडचं सगळं आपल्याकडूनच गेलेलं. हे खरं का, या शब्दांचा मूळ अर्थ काय, आणि भाच्याने त्या साहेबांना नेमकं काय म्हणायचं, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

जुनी मलय आणि जुनी जावानीज या भाषा मी गेली सत्तावीस वर्षं शिकवते आहे. आपल्याकडचे विद्यार्थी आले की हाच प्रश्न पहिल्या महिन्यात निघतो, आणि तो निघणं स्वाभाविक आहे. त्या प्रदेशात संस्कृत शब्द इतके आहेत की पावलोपावली ओळखीचं काहीतरी भेटतं. त्यामुळे खरा प्रश्न 'हा शब्द संस्कृतसारखा दिसतो का' असा नसतो. शब्द घरचा की पाहुणा, हे ठरवायचं कसं, असा तो असतो.

थेट उत्तर हवं असेल तर: 'राजा' पाहुणा आहे, तो भारतातून गेला. 'दातू' (ज्याला शेवटी 'क' लागून 'दातुक' होतो) आणि 'रातू' घरचे आहेत, आणि ते दोन शब्द नसून एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. 'दाता'शी किंवा 'राजा'शी त्यांचा संबंध नाही.

आता हे कशावरून, ते सांगते.

मलय, जावानीज, तागालोग, मालागासी, माओरी, हवाईयन या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा. हे कुळ पश्चिमेला मादागास्करपासून पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पसरलेलं आहे आणि त्यात बाराशेहून अधिक भाषा आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तैवानकडून फिलिपिन्सकडे आणि तिथून पुढे बेटाबेटांवर होड्यांनी गेलेल्या लोकांच्या या भाषा आहेत. एका आईच्या लेकींमध्ये जसा नाकाडोळ्यांचा सारखेपणा असतो तसा यांच्यात ध्वनींचा सारखेपणा आहे, आणि तो नियमाने चालतो.

हा नियम जवळून बघू. मलयमध्ये 'दोन' म्हणजे 'दुआ', जावानीजमध्ये 'रो' किंवा 'लोरो'. मलयमध्ये पान म्हणजे 'दाऊन', जावानीजमध्ये 'रोन'. मलयमध्ये रक्त म्हणजे 'दाराह', जावानीजमध्ये 'राह'. मलयचा सुरुवातीचा 'द' या शब्दांत जावानीजमध्ये 'र' होऊन येतो. पान, रक्त, दोन हे शब्द सहसा कोणी कोणाकडून उसने घेत बसत नाही, ते बहुधा वारशानेच येतात. आता याच रांगेत मलयचा 'दातू' ठेवा आणि जावानीजमध्ये काय यायला हवं ते तुम्हीच सांगा. 'रातू'. आणि तोच येतो. 'राजा'पासून 'रातू' काढायचा तर 'ज'चा 'त' कसा झाला याला कसलाही आधार सापडत नाही. शिवाय जावानीजमध्ये 'राजा' हा शब्द 'रातू'च्या शेजारी स्वतंत्रपणे नांदतोच आहे.

वर मी 'दुआ' मुद्दाम घेतला. 'दुआ' आणि आपला 'दोन', संस्कृत 'द्वि', किती जवळचे वाटतात! पण त्याच शब्दाचं माओरी रूप 'रुआ' आहे, हवाईयन 'लुआ' आहे, आणि तैवानमधल्या भाषांकडे गेलं की मधे 'स' असलेली रूपं दिसतात. म्हणजे 'दुआ' आणि 'द्वि' यांचं साम्य निव्वळ योगायोग आहे. ध्वनी कानाला सारखे लागणं हा पुरावा नसतो, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मी स्वतः शिकत असताना जुन्या जावानीज ताम्रपटात 'रामा' हा शब्द वाचला आणि अर्थातच तो प्रभू राम समजले. एक अख्खी संध्याकाळ त्या वाक्याचा अर्थ लावण्यात गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सांगितलं की इथे 'रामा' म्हणजे गावातले वडीलधारे, शब्दशः 'बाप', आदराचा 'रा' लागलेला. आजही जावानीज आदराच्या बोलीत वडिलांना 'रामा' म्हणतात. तसाच 'हाजी'. जुन्या मलय आणि जुन्या जावानीज लेखांत 'हाजी' म्हणजे राजा. मक्केच्या यात्रेशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हापासून ओळखीचा वाटणारा शब्द दिसला की मी आधी थांबते.

'दाता'चं काय? संस्कृत शब्द तिकडे गेले ते बहुधा प्रथमेच्या रूपात. 'राजन्' हा शब्द 'राजा' म्हणून गेला. 'दातृ' गेला असता तर तोही 'दाता' म्हणून गेला असता. शेवटी 'ऊ' येण्याचं कारण नव्हतं. 'दातुक'मधला 'क' तर संस्कृतचा नाहीच. मलयमध्ये नात्याच्या शब्दांना हाक मारताना शेवटी असा झटका लागतो: मोठ्या भावंडाला 'काकाक', वडिलांना 'बापाक', आजोबांना 'दातुक'. हा 'क' पूर्ण उच्चारत नाहीत, घशात अडवून सोडतात. म्हणूनच काही ठिकाणी हा शब्द 'दातो' असा लिहून पुढे नुसतं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह देतात. याचा अर्थ असा, की हा शब्द पदवी होण्याआधी घरात हाक मारायचा शब्द होता, आणि मलयमध्ये तो आजही आहे. नातवंडं आजोबांना दातुक म्हणतात.

इथे कोणीतरी लगेच म्हणेल, मग आपला 'दादा'? 'दादा' आणि 'दातुक' यांचंही नातं नाही. पण अर्थाचा प्रवास मात्र आपण चांगला ओळखतो. घरातला थोरला भाऊ तो दादा, मग आळीतला दादा, मग नावाला साहेब जोडून दादासाहेब. वडीलकीचा शब्द सत्तेचा शब्द होतो, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता मला सगळ्यात प्रिय असलेला पुरावा. सुमात्राच्या पूर्वेला बांका नावाचं बेट आहे. तिथे कोता कापूर या ठिकाणी 1892 मध्ये एक शिलालेख मिळाला, जुन्या मलय भाषेतला. त्याची तारीख मराठी पंचांग वाचणाऱ्याला न शिकता कळेल: शक 608, प्रतिपदा, शुक्लपक्ष, 'वुलन वैशाख'. म्हणजे इसवी सन 686. यातला 'वुलन' तेवढा त्यांचा, म्हणजे चंद्र आणि महिना. बाकी सगळं आपल्या ओळखीचं. लेख हा एक शाप आहे, शपथेसारखा. जो कोणी श्रीविजयाशी, म्हणजे सुमात्रातल्या त्या वेळच्या राज्याशी, 'भक्ति' ठेवणार नाही, म्हणजे एकनिष्ठ राहणार नाही, त्याचा नाश होवो, असा. शेवटी असंही लिहिलं आहे की हा लेख कोरला तेव्हा श्रीविजयाचं सैन्य निष्ठा न ठेवणाऱ्या 'भूमी जावा'वर चालून निघालं होतं.

या लेखात देवतांना विनवणी आहे की त्यांनी 'कदातुआन श्रीविजया'चं रक्षण करावं. 'कदातुआन' या शब्दाची फोड बघा: मधे 'दातू', आधी 'क', नंतर 'आन'. हे पुढचे-मागचे तुकडे अस्सल मलय आहेत, 'दातूचं ठिकाण' किंवा 'दातूचा अंमल' असा अर्थ देणारे. पुढे एक वाक्य आहे ज्यात राजा म्हणतो, 'मी ज्यांना दातूपण बहाल केलं त्यांच्याशी' जे निष्ठेने वागणार नाहीत, वगैरे. 'बहाल केलं' यासाठी तिथे शब्द आहे 'निगलर्कु', आणि त्यातला 'गलर' म्हणजे आजचा मलय 'गलार', पदवी. कोणाला दातुक पदवी मिळाली की आजच्या मलय वर्तमानपत्रात 'गलारान दातुक' असं छापून येतं, त्यातही हाच 'गलार' आहे. तेराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर हे दोन शब्द याच जोडीने कोरलेले आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि वर्गात शिकवताना आजही येतो.

याच काळातला पालेमबांगजवळचा तलागा बातू लेख आणखी बोलका आहे. दगडाच्या माथ्यावर सात फण्यांचा नाग, आणि खाली पाणी वाहून जायला पन्हळ. अधिकाऱ्यांनी शपथेचं पाणी प्यायचं अशी ही व्यवस्था असावी. त्यावर राजसेवकांची लांबलचक यादी आहे: राजपुत्र, भूपती, सेनापती, नायक, दंडनायक, कायस्थ, नावाडी, वाणी. यात संस्कृत पदव्यांची रेलचेल आहे, आणि त्यांच्यामध्येच 'दातू' आणि 'हाजी' आपले देशी वेषात उभे आहेत. ज्या दरबाराने संस्कृतमधून एवढं उचललं त्याने सत्तेच्या गाभ्याचा शब्द मात्र स्वतःचा ठेवला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मूळ अर्थाचा. याचं उत्तर कोणत्या बेटावर उभं राहून विचारता यावर अवलंबून आहे.

सुमात्राच्या तोबा बाताक लोकांत 'दातू' राजा नसतो. तो मंत्र, औषध, शकुन जाणणारा माणूस. झाडाच्या सालीच्या घडीच्या पोथ्यांत तो आपली विद्या लिहून ठेवत असे आणि त्या पोथीला 'पुस्ताहा' म्हणतात, म्हणजे आपलं पुस्तक! पोथीचं नाव पाहुणं आणि पोथी लिहिणाऱ्याचं नाव घरचं. त्यांच्यात सत्ताधाऱ्याला शब्द आहे 'राजा'. तिथून खूप दूर, पूर्वेकडच्या सुंबा बेटावरही 'रातू' किंवा 'रातो' म्हणजे पुजारी. पश्चिम सुंबात समुद्री किडे वर येण्याची रात्र कोणती हे चंद्र पाहून ठरवणारे रातोच, आणि त्यानंतर पासोला हा भाल्यांचा घोडेस्वारी उत्सव होतो. पूर्व सुंबातल्या सत्ताधाऱ्याला वेगळा शब्द आहे, 'मारांबा'.

जावात मात्र 'रातू' सिंहासनावरच राहिला. राजवाड्याला 'क्रातोन' म्हणतात ते 'क-रातू-आन', आणि योग्यकर्त्याच्या क्रातोनमधला सगळ्यात आतला भाग 'कदातोन', म्हणजे 'क-दातू-आन'. एकाच वाड्यात शब्दाची दोन्ही रूपं. तिथे जाल तेव्हा ही दोन नावं नक्की विचारा.

तुमच्या गाइडने सांगितलेलं 'राणी' हे आजच्या इंडोनेशियनपुरतं बरोबर आहे. आधुनिक भाषेत राजाला 'राजा' आणि राणीला 'रातू' अशी वाटणी झाली. पण या भाषांत व्याकरणाचं लिंग नाही आणि जुना 'रातू' पुरुष किंवा स्त्री कोणीही असे. जावातल्या प्रांबानन मंदिरांजवळच्या टेकडीवर 'रातू बोको' नावाचे अवशेष आहेत. अनेक पर्यटक ती कोणी राणी समजतात, पण लोककथेतला रातू बोको हा राजा आहे, रारा जोंग्रांग या राजकन्येचा बाप. जावात लोक ज्या न्यायी राजाची वाट पाहत त्याला 'रातू आदिल' म्हणत, आणि 1825 ते 1830 च्या जावा युद्धात डच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या दिपोनेगोरोकडे लोकांनी त्याच नजरेने पाहिलं. दुसरीकडे दक्षिण समुद्राची देवी 'रातू किदुल', ती मात्र स्त्रीच.

फिलिपिन्समध्ये 'दातू' म्हणजे छोट्या वस्तीचा प्रमुख. 1589 मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन मिशनऱ्याने तागालोग लोकांच्या चालीरीती लिहून ठेवल्या. त्यात तो म्हणतो की एका दातोच्या हाताखाली कधी शंभरेक घरं, तर कधी तीसहूनही कमी. आणि या समूहाला 'बारांगाय' म्हणतात, जे मुळात होडीचं नाव. एका होडीतून आलेलं गणगोत आणि त्याचा म्होरक्या, हे चित्र मनात धरा. दक्षिणेकडे मिंदानावमध्ये दातू आजही आहेत. मुस्लिम समाजांत ती कुलीन घराण्याची खूण आहे, तर डोंगरातल्या आदिवासींत भांडणं मिटवणाऱ्या वडिलांची.

पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊंत 'दातुक' ही कुळाच्या प्रमुखाची पदवी, आणि त्यांच्यात वंश आईकडून चालतो. त्यामुळे पदवी बापाकडून मुलाकडे जात नाही, मामाकडून भाच्याकडे जाते. नव्या दातुकची नेमणूक होते तेव्हा रेडा कापून गावजेवण घालतात. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातला तान मलाका याच पद्धतीने 'दातुक' होता. तुम्ही मामा आणि प्रश्न भाच्यासाठी, म्हणून हे खास तुमच्यासाठी लिहिलं.

आणि मलय जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. त्यालाही 'दातुक' म्हणतात.

आजोबा, पुजारी, कुळप्रमुख, सरदार, राजा. हे पाच वेगळे अर्थ आहेत असं मी मानत नाही. आम्ही हा शब्द तैवानबाहेरच्या सगळ्या शाखांच्या सामाईक मूळ भाषेपर्यंत मागे नेतो, आणि त्या काळात ना राजवाडा होता ना खजिना. होता तो कुळातला सगळ्यात वडील माणूस. पूर्वजांशी बोलायचं तर त्यानेच, जमीन वाटायची तर त्यानेच, होडी कुठे न्यायची ते ठरवायचं तर त्यानेच. पुढे भारतातून 'राजा' आला आणि या शब्दाची कामं वाटली गेली. बाताकांत आणि मलय मुलखात सिंहासन 'राजा'ने घेतलं, म्हणून बाताकांत दातूकडे पूजा उरली आणि मलयमध्ये आजोबापण व मान उरला. जावात त्याने सिंहासन सोडलं नाही. फिलिपिन्सच्या बहुतेक भागात मोठं सिंहासन उभंच राहिलं नाही, त्यामुळे तिथे तो जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ राहिला असावा. हे माझं मत आहे, पण दगड आणि ध्वनी दोन्ही त्याच्या बाजूने आहेत.

फिजीबद्दल एक सावधगिरी. तिथल्या सरदारांच्या नावाआधी 'रातू' असतो. 1874 मध्ये फिजी ब्रिटिशांच्या हवाली करणारा सेरू दाकोंबाऊ हा रातू, आणि 1970 मध्ये स्वतंत्र फिजीचे पहिले पंतप्रधान झालेले कामिसेसे मारा हेही रातू. तो फक्त पुरुषांना लागतो, स्त्रियांना 'आदी'. पण फिजियनमध्ये त्याची फोड 'रा' हे आदराचं उपपद आणि 'तू' म्हणजे सरदार, अशी दिली जाते. म्हणून मी जावाच्या रातूसाठी फिजीचा दाखला देत नाही. त्याहून पूर्वेला पॉलिनेशियात प्रमुखाचा शब्दच वेगळा आहे: माओरी 'आरिकी', ताहितीत 'आरिई', हवाईत 'आलिई', टोंगात 'एइकी'. तो थोरल्या शाखेच्या वारसाचा शब्द आहे आणि त्याची कहाणी निराळी.

व्हॉट्सॲपच्या मजकुराला अगदीच मोडीत काढू नका. संस्कृत तिथल्या पदव्यांत आहेच, फक्त दुसऱ्या जागी आहे. 'दातुक सेरी'मधला 'सेरी' म्हणजे श्री. 'दातिन पादुका' या स्त्रियांच्या पदवीतली 'पादुका' म्हणजे पादुकाच, त्याच ज्या आषाढीला पालखीतून पंढरपूरला जातात. मलेशियाच्या सुलतानांच्या उल्लेखाआधी 'दुली' येतं, ती आपली धूळ, चरणांची. मजकूर फिरवणाऱ्याला हे तीन शब्द पाठवा. ते खरे आहेत आणि 'दाता'पेक्षा कितीतरी सुंदर आहेत.

आता भाच्याचं काम. मलेशियात ही पदवी आज बहुतांशी सन्मान म्हणून दिली जाते, वारशाने येत नाही. संघराज्याकडून आणि मलाका, सबा, सरावाक या राज्यांकडून मिळाली तर 'दातुक', सुलतानांच्या राज्यांकडून आणि पेनांगकडून मिळाली तर 'दातो' असं साधारण लिहितात. शाहरुख खानला 2008 मध्ये मलाका राज्याने दिली ती 'दातुक'. त्यामुळे ईमेल लिहिताना साहेबांच्या व्हिजिटिंग कार्डावर जे स्पेलिंग आहे तेच, अक्षर न बदलता, उचलायचं. कोणी सन्मान दिला ते त्यावरून कळतं आणि लोक ते बघतात. बोलताना 'दातुक' आणि पुढे त्यांचं स्वतःचं नाव, किंवा नुसतं 'दातुक' पुरे. 'मिस्टर दातुक' म्हणू नये. पत्नीला 'दातिन' म्हणतात. पण एखाद्या बाईंना स्वतःच्या कामासाठी दातुक पदवी मिळाली असेल तर त्यांच्या नवऱ्याला त्यामुळे काही पदवी लागत नाही, तिथे साधं मिस्टरच. आणि साहेब 'तान स्री' झाले असं एखाद्या दिवशी कळलं तर ती वरची पायरी आहे. त्या दिवसापासून 'दातुक' म्हणणं थांबवायचं.

उच्चार 'दातुक' असा ठासून नको. 'दातो' म्हणून शेवटी श्वास घशात किंचित अडवायचा. ऑफिसातल्या कोणा मलय सहकाऱ्याला एकदा म्हणून दाखवायला सांगा, दोन मिनिटांत जमेल.